सात रस्ता डोळ्यांपुढे आणताना बाजू का बदलावी लागते?

खाकी_शर्ट: सोलापुरात रिक्षा चालवतो. हँडल हातात असलं की वळण आपोआप येतं, डोकं लावावं लागत नाही. परवा घरी बसून पाहुण्यांना फोनवर सात रस्त्याची खूण सांगत होतो. रंगभवनकडून येतोय असं धरलं की कुठला रस्ता कुठं जातो ते धडाधड सांगतो. पाहुणे नेमके विजापूर रोडकडून येत होते. तिकडून चौक आठवायला गेलो तर सगळा घोळ! शेवटी उठून उलटं तोंड करून उभा राहिलो, तेव्हा डावं-उजवं जागेवर आलं. बायको हसली ते वेगळंच. डोक्यात नकाशा असतो म्हणतात, मग तो फिरवायला एवढा त्रास का?

मेंदूचा_नाद: नकाशा असतोच. 1971 मध्ये जॉन ओकीफ यांनी दाखवलं की उंदीर एका ठरावीक जागी पोचला की त्याच्या हिप्पोकॅम्पसमधली (मेंदूतला आठवणी आणि जागा सांभाळणारा भाग) ठरावीक पेशी कामाला लागते. 2005 मध्ये मोझर दांपत्याला शेजारच्या भागात जाळीच्या नक्षीत चेतणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. पण डावं-उजवं या नकाशात नसतं, ते तुमचं तोंड कुठं आहे त्यावर ठरतं. आणि वहिनींना सांगा, प्रयोगांतही नुसत्या कल्पनेत वळण्यापेक्षा खरोखर वळल्यावर दिशा सोप्या जातात.

फिजिओ_ताई: इटलीतल्या मिलानचा किस्सा ऐका. उजव्या मेंदूला इजा झाल्यानं डावीकडे लक्षच न जाणाऱ्या दोन रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलसमोरचा (मोठ्या चर्चसमोरचा) ओळखीचा चौक आठवायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड आहे असं धरलं तेव्हा त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे आहात असं धरायला लावलं, तर मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि मघाच्या गायब! हा प्रयोग बिसियाक आणि लुझ्झाती या संशोधकांचा, 1978 चा. म्हणजे आठवणीत चौक अख्खा होता, पण ज्या बाजूनं बघाल तसाच हाती लागायचा. माझ्याकडचे असेच एक आजोबा ताटातली उजवीकडची भाकरी-शेंगाचटणी चाटूनपुसून संपवायचे, डावीकडची आमटी तशीच. ताट फिरवलं की म्हणायचे, "आमटी आत्ता वाढली का गं?"

बाळीवेसकर: लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला होता, 2000 साली. लगेच कॉलर ताठ करू नका. 2006 मध्ये त्यांची तुलना ठरलेल्या मार्गावरच्या बसचालकांशी केली, तर बसवाल्यांचा तो भाग टॅक्सीवाल्यांपेक्षा लहानच निघाला. तुमची शेअर रिक्षा आहे, का पॅसेंजर म्हणेल तिकडं जाता?