गोल्फ व्ह्यू फ्लॅट : हिरवळ कुणाची, पाणी कुणाचं?

तिसरा मजला
काल या फोरमवर एकांनी पुण्याजवळच्या गोल्फ टाउनशिपमधल्या आपल्या नव्या घराबद्दल लिहिलं. जमिनीपासून छतापर्यंत काच, समोर फेअरवे (गोल्फ कोर्सची कापलेली हिरवळ), 'प्रत्येक चौरस फूट विचारपूर्वक आखलेला'. तिथवर ठीक होतं. पण जुन्या सोसायट्यांतले लोक निव्वळ सवयीने तिथे कुजतायत, हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

मी अशाच एका टाउनशिपमध्ये भाड्याने राहिलोय. गोल्फ कोर्स पश्चिमेला, म्हणून हॉलची सगळी काच पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी तीनपासून पडदे ओढून एसी लावायचा. म्हणजे ज्या देखाव्यासाठी जादा भाडं मोजलं, तो अर्धा दिवस पडद्यामागे. पावसाची झडही त्याच बाजूने. स्लायडिंगच्या खालच्या रुळातून पाणी आत यायचं आणि आई जुने टॉवेल पिळून पिळून लावत बसायची. बरं, त्या हिरवळीवर पाय ठेवायचा तर मेंबरशिप वेगळी. मुलगा बॉल आणायला कुंपणापलीकडे गेला, तर सिक्युरिटीवाला शिट्टी मारत धावत आला. कसला विचार केला होता तिथे, आणि कुणाचा?

सकाळचा वॉक
ते लिहिणारा मीच. 'कुजतायत' हा शब्द मागे घेतो, बाकी एक अक्षर नाही. माझं घर पूर्वेला आहे, दोन्ही बेडरूममधून आरपार वारा येतो. वडिलांचे गुडघे गेलेत. पेठेतल्या घरात तीन जिने होते आणि खाली फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या. वर्षानुवर्षं ते घराबाहेर पडत नव्हते. इथे लिफ्टने उतरतात आणि संध्याकाळी सपाट रस्त्यावर एकटे फिरून येतात. तुमची एक इमारत चुकली, म्हणून सगळ्यांची चुकली का?

मावळी
वारा, काच सगळं ठीक. पाण्याचं बोला. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर एकरी २०,००० लिटर. १८ होलच्या कोर्सवर भिजवायची हिरवळ ४० एकर धरा. रोजचे ८ लाख लिटर झाले. ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध एक्सप्रेसवेवर आंदोलन झालं, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात आमच्या मावळ तालुक्यातली तीन माणसं गेली. पाणी हा विषय आमच्याकडे गप्पांचा नाही.

सकाळचा वॉक
कोर्सला नळाचं पाणी कुणी देत नाही. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचं, प्रक्रिया केलेलं पाणी वापरतात. आणि हिशोबच करायचा तर एकरभर उसाचाही करा.

मावळी
करतो, आधी एसटीपीचा. माणशी १३५ लिटर वापर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. ८ लाख लिटरसाठी जवळपास साडेसात हजार माणसं रोज राहती हवीत. त्यातलंच पाणी परत फ्लशलाही जातं. निम्मे फ्लॅट गुंतवणुकीचे असले, रात्री दिवेच लागत नसले, तर एसटीपीत सांडपाणी कुठून येणार? मग टँकर आणि बोअर. राहिला ऊस. तो विकून पोरांच्या फिया भरल्या जातात. बरोबरी करू नका.

तिसरा मजला
२०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला लावले होते. क्रिकेट मैदानांच्या गवताला लागणाऱ्या पाण्यावरून केवढी चर्चा झाली होती! मग या हिरवळीबद्दल कुणी का विचारू नये?

खारघरकर
गोल्फ म्हटलं की लगेच श्रीमंतांवर घसरू नका. आमच्याकडे सिडकोने केलेला कोर्स आहे, फी भरून बाहेरचेही खेळतात. कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारा, म्हणून सुरुवात केलेले गोल्फर अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले. मोकळी जागा राहिली हेच मोठं, नाहीतर तिथेही टॉवर झाले असते.

वाळवण
पाण्याचं पाण्यापाशी. आमच्या टाउनशिपमध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे. कारण काय, तर कोर्सवरून दिसतात! मला दंडाची नोटीस आली. ड्राय बाल्कनी एवढी अरुंद की वॉशिंग मशीन ठेवलं की दार पूर्ण उघडत नाही. जुलैमध्ये घरात तान्हं बाळ होतं. दुपटी, लंगोट, झबली सगळं हॉलमध्ये स्टँडवर, पंख्याखाली. तरी कुबट वास जाईना. ऑफिसात सांगितलं, तर 'मॅडम, ड्रायर घ्या.' सासूबाईंना साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या होत्या, तर गच्चीला कुलूप. आरपार वारा म्हणताय ना? मग कपडे का वाळू देत नाही त्या वाऱ्यावर?

सकाळचा वॉक
थोडी शिस्त नको का? आमच्या जुन्या वाड्यात वरच्यांच्या साड्यांचं पाणी खाली आईच्या लोणच्याच्या बरण्यांवर गळायचं. रोजची भांडणं. कठड्यावर लोंबणारी अंतर्वस्त्रं कुणाला बघायची असतात?

वाळवण
मग बघू नका. नजर फेअरवेवर ठेवा, त्याचे पैसे भरलेत तुम्ही. घरातलं धुणं तुम्ही स्वतः शेवटचं कधी वाळत घातलंत?

सकाळचा वॉक
वैयक्तिक होऊ नका.

तिसरा मजला
वैयक्तिक कसं? घरात कामं कुणी करायची आणि नियम कुणी करायचे, हाच तर प्रश्न आहे.

नकाशेवाली
आर्किटेक्ट म्हणून सांगते, दोघांचंही भागतं. धुण्याच्या जागेला जाळीच्या विटांची किंवा तिरप्या पट्ट्यांची भिंत दिली की वारा आत येतो, कपडे बाहेरून दिसत नाहीत, खाली ट्रे दिला की गळतही नाही. हे मी नकाशात दाखवते आणि मार्केटिंगवाले ते खोडून ती जागा हॉलला जोडतात, कारण सॅम्पल फ्लॅटमध्ये कुणी कपडे धूत नाही. आणखी एक बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा स्लाइस, म्हणजे भरकटलेला फटका, उजवीकडे जातो. टीवरून (पहिला फटका मारतात तिथून) बघताना उजव्या बाजूची पहिली इमारत घेत असाल, तर जाळी आहे का आणि काच फुटली तर पैसे कोण देणार, हे लेखी घ्या.

टँपावाले काका
अमेरिकेत २००६ नंतर बरीच वर्षं जितके कोर्स उघडले, त्यापेक्षा जास्त बंद पडले. आमच्या मागचाही पडला. मालकाने पाणी तोडलं, गुडघाभर गवत माजलं, आणि मग घरं बांधायचा अर्ज टाकला. आम्ही भांडलो, पण जमीन त्याची होती. तुम्ही घेतलेला देखावा कागदावर कुठे आहे ते आधी शोधा.

तिसरा मजला
नेमकं हेच. रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सामाईक जागा रहिवाशांच्या संस्थेच्या नावावर करून द्यावी लागते. कोर्स मंजूर लेआउटमध्ये सामाईक दाखवलेलाच नसेल, तर तो बिल्डरकडेच राहतो.

सकाळचा वॉक
करारनामा काढून बघितला. कोर्स सामाईक जागांच्या यादीत नाही. एवढं तुमचं खरं. घर तरीही विकणार नाही, वडिलांना परत तीन जिने चढायला लावणार नाही. एसटीपीच्या मीटरचे आकडे मागतो आणि इथे टाकतो. कपड्यांची बंदी जरा जास्तच आहे, हेही मान्य.

मावळी
एप्रिल-मेचे आकडे मागा. पावसाळ्यातले नकोत.

वाळवण
'जरा'? असो. नकाशेवाली ताई, त्या जाळीचं ड्रॉइंग इथे टाकाल का? रविवारी आमच्या रहिवाशांची मीटिंग आहे, प्रिंट काढून नेते.