घरी इंजिन ऑइल बदलताना: अडलेलं, सांडलेलं, सावरलेलं

ओंजळ
काल आमच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा पहिल्यांदाच गाडीचं ऑइल काढत होता. नट सुटला, धार लागली, आणि धार एकदम स्वच्छ, सोनेरी. मी भाजीच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि त्याला म्हटलं, थांब रे. इंजिनात वर्षभर फिरलेलं तेल असं नसतं, काळंच असतं. वासही उग्र होता. त्याने गिअरबॉक्सचा नट उघडला होता.

नशीब, पुढचं काही केलं नव्हतं. नाहीतर इंजिनात जुन्या तेलावर नवं तीन लिटर पडलं असतं आणि गिअरबॉक्स कोरडा राहिला असता, आणि तशीच गाडी रस्त्यावर. मग मॅन्युअल काढून गिअर ऑइलचा ग्रेड बघितला, तो दुकानातून आणला. गिअरबॉक्सच्या अंगाला वरचा नट असतो, त्यातून पाइप लावून भरत राहायचं आणि त्याच भोकातून तेल बाहेर यायला लागलं की थांबायचं. संध्याकाळी गिअर नीट पडत होते. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मला बाबांची पद्मिनी गाडी आठवली. नारायण पेठेत वाड्याच्या बोळात ते स्वतः ऑइल बदलायचे, मी बॅटरीचा उजेड धरायचे. नवं तेल घातल्यावर ते लगेच चावी फिरवायचे नाहीत. आधी खाली वाकून सगळं परत एकदा बघायचे. त्यांचं म्हणणं असं की स्टार्टर मारायच्या आधी सापडलेली चूक फक्त तेलाची असते, नंतर सापडलेली इंजिनची.

तर लिहा. तुमच्याकडे, शेजारी, भावाकडे काय अडलं आणि कसं निस्तरलं?

वारजेकर
धागा अगदी वेळेवर!! आत्ता गाडीखालीच आहे. जुनं तेल निथळतंय, पण फिल्टर हलत नाहीये. हात घसरतोय. कोणी आहे का इथे

अनघा_कोथरूड
आधी सांगा गाडी कशावर उभी आहे?

वारजेकर
दोन जॅक स्टँडवर. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड.

अनघा_कोथरूड
मग ठीक. विचारलं कारण आमच्या शेजारच्या सोसायटीत एकांनी सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी ठेवली होती. पाना आणायला घरात गेले आणि मागे ब्लॉक फुटला. खाली कोणी नव्हतं म्हणून आज हसून सांगतात. तो ब्लॉक आधी चिरत वगैरे नाही हो, एका क्षणात भुगा. आणि नुसत्या जॅकवर तर कोणीही, कधीही खाली जाऊ नका. प्लीज.

निवृत्त_फिटर
वारजेकर, घाई नको. फिल्टर चिंधीने कोरडा करा, हातही. पॉलिश पेपर असेल तर खडबडीत बाजू फिल्टरला लावून गुंडाळा आणि मग पकडा. फिल्टरच्या बंद तोंडाकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवायचा. वरून हात घातला की दिशा उलटी वाटते आणि बरेच जण सोडवायच्या ऐवजी आवळत बसतात. तरी नाही निघाला तर पट्ट्याचा पाना आणा. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकायचा उद्योग करू नका. पत्रा फाटतो आणि मग धरायला काही उरत नाही.

वारजेकर
करतो काका. पॉलिश पेपर मुलाच्या प्रोजेक्टच्या डब्यात असेल बहुतेक

घाटवाट
आमच्या धाकट्याने साडेतीन लिटरचा कॅन आणला आणि कॅन संपवायचाच म्हणून सगळा ओतला. गाडीला लागतं तीनच्या आसपास. तेल मोजायच्या पट्टीवर लेव्हल मॅक्सच्या बरंच वर. त्याचं म्हणणं, जास्त आहे, कमी तर नाही ना. अरे पण क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, त्या तेलात बुडून फिरायला लागला की ताक घुसळल्यासारखा फेस होतो. फेसाला दाब धरता येत नाही, सीलवर ताण येतो तो वेगळाच. पट्टीवर मिन ते मॅक्समध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत एक लिटरच्या आतबाहेरचंच अंतर असतं, म्हणजे अर्धा लिटर जास्त ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.
उपाय सोपा निघाला. मोठी सिरिंज आणि बारीक प्लॅस्टिकची नळी, पट्टीच्या भोकातून आत सोडायची आणि ओढत राहायचं. खालचा नट परत उघडायची गरजच नाही. दुसऱ्या दिवशी वाईला जायचं होतं, खंबाटकी निवांत चढलो.

मृण्मयी
वाईला गेलात तर ढोल्या गणपतीला जाऊन आलात का? आम्ही पावसाळ्यात गेलो तेव्हा कृष्णा पायऱ्यांच्या बरीच वर आली होती

घाटवाट
गेलो ना. घाटावर बसून कणसं पण खाल्ली.

हिंजवडी_रोज
तेल न घालताच लेव्हल वाढली तर? बायकोच्या डिझेल गाडीला झालं होतं. बीएस ६ आहे, म्हणजे डीपीएफवाली, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली. त्या फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ते जाळण्याचं काम अर्ध्यात राहिलं, गाडी बंद झाली, असं परत परत होत गेलं की थोडं थोडं डिझेल रिंगांवरून खाली तेलात उतरतं. पट्टीवर तेल वर चढतं आणि पातळ होतं, डिझेलचा वासही येतो. तेव्हा नुसतं जास्तीचं काढून भागत नाही, सगळं बदलायचं. आणि अधूनमधून एक्सप्रेस वेवर एका वेगात वीसेक मिनिटं चालवायची. अशा गाडीत तेलही डीपीएफला चालणारं, कमी राखेचं लागतं. मॅन्युअलमध्ये दिलेला स्पेक कॅनवर शोधा, नुसता ५डब्ल्यू-३० असा ग्रेड बघून घेऊ नका.

ओंजळ
हे माहीत नव्हतं. मी तर पट्टी फक्त कमी झालंय का एवढंच बघते.

सुनंदा_ध
आमचे हे म्हणतात ०डब्ल्यू-२० म्हणजे पाणी आहे, पुण्याच्या उन्हाला २०डब्ल्यू-५० घाला. दुकानदारही हो म्हणाला. काय करायचं?

निवृत्त_फिटर
वहिनी, मॅन्युअलमध्ये असेल तेच. पहिला आकडा थंड स्टार्टचा. दुसरा १०० अंशाला तेल किती दाट राहतं त्याचा. थर्मोस्टॅट असतो म्हणून चालत्या इंजिनचं तापमान पुण्यात आणि सिमल्यात जवळपास सारखंच. आजच्या इंजिनांत फटी अगदी बारीक, शिवाय व्हॉल्व्हचं टायमिंग तेलाच्या दाबावर पुढेमागे होतं. दाट तेल तिथे वेळेवर पोचत नाही. साहेबांच्या काळच्या गाड्यांना वीस-चाळीस बरोबरच होतं, त्यांचा अनुभव खोटा नाही. इंजिन बदललंय.

सुनंदा_ध
हे वाचून दाखवलं. गप्प बसलेत. म्हणजे पटलंय 😊

भोसरी_लेथ
आमच्याकडे महिन्याकाठी एखादा तरी चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, येतोच, आटे गेलेला. चेंबर अॅल्युमिनियमचा, तेल काढायचा बोल्ट लोखंडी. बोल्ट तिरका लागला आणि वर गोटी पाना लावून जोर केला की मऊ धातूचे आटे सोलून निघतात. पहिले तीन-चार वेढे बोटांनीच फिरले पाहिजेत. अडला की उलटा फिरवा, एक टक जाणवतं तिथून परत सुरू करा. गेलेच आटे तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून देतो, म्हणजे मूळ मापाचाच बोल्ट लागतो. एक साइज मोठा आटा मारूनही चालतं. टेफ्लॉन टेप आणि एमसील लावून गाडी आणू नका, ते खरवडण्यातच आमचा निम्मा वेळ जातो.

निवृत्त_फिटर
बरोबर. बहुतेक छोट्या गाड्यांच्या त्या बोल्टला ३५-४० न्यूटन मीटर पुरे. लांब पान्याला पाइप लावून लोंबकळायचं नाही. मी पिंपरीला असेंब्लीवर होतो, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, हातात आल्याशिवाय एक बोल्ट आवळला नाही. गळती थांबते ती वॉशरने, ताकदीने नाही. दर वेळी नवा वॉशर टाका. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात जुना दाखवला की मापाचा मिळतो.

मृण्मयी
काका, टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, होतात का? माझे सासरे पण! इंडिका बाहेर पडली तेव्हा ते तिथेच होते

निवृत्त_फिटर
हो. १९९८ चा डिसेंबर. ते दिवस वेगळेच. सासऱ्यांना नमस्कार सांगा, डिपार्टमेंट कोणतं विचारा.

वारजेकर
निघाला निघाला!! पॉलिश पेपरने एका झटक्यात. नवा लावतोय, रबरला थोडं नवं तेल चोपडलं

निवृत्त_फिटर
थांबा. जुन्या फिल्टरला काळी रबरी रिंग आहे का बघा. आधी बघा, मग लावा.

वारजेकर
नाहीये!! इंजिनलाच चिकटून राहिलीय. बोट फिरवलं तेव्हा कळलं, दिसत पण नव्हती

ओंजळ
बापरे. दोन रिंगांवर फिल्टर बसला असता तर सुरू केल्या केल्या दाबाने सगळं तेल फरशीवर आलं असतं.

निवृत्त_फिटर
काढा ती, बूड पुसून घ्या. नवा फिल्टर हातानेच. रबर टेकलं की तिथून पाऊण वेढा, बस. पाना लावायचा नाही, म्हणजे पुढच्या खेपेला पॉलिश पेपर शोधावा लागणार नाही.

तन्मय_क
कॅनमध्ये उरलेलं कारचं तेल बाइकमध्ये चालेल का? स्कूटरमध्ये?

भोसरी_लेथ
बाइकमध्ये नको. तिचा क्लच तेलात बुडलेला असतो. कारच्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरतो, रेस वाढते आणि गाडी पुढे जात नाही. कॅनवर जासो एमए, म्हणजे तेलातल्या क्लचला चालणारं अशी खूण, लिहिलेलं असेल तेच घ्या. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा, ती भानगड नाही, पण ग्रेड तरी जुळायला हवा. तुमच्या भावाने आधीच घातलं असेल तर लगेच काढा, फार चालवली नसेल तर प्लेटा वाचतात.

तन्मय_क
भावाने घातलंय हे कसं ओळखलंत 😄

मुळशीकर
वारजेकर, जळकं ऑइल टाकू नका, मला द्या. शेताच्या कुंपणाच्या डांबांना वाळवी लागलीय. येताना घेऊन जातो.

अनघा_कोथरूड
मुळशीकर, नको ना. डांबाबरोबर ते मातीत मुरणार, आणि कुंपणापासून विहीर किती लांब? त्यात धातूचे कण आणि जळालेली द्रव्यं असतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतच येतं ते.

मुळशीकर
आमच्याकडे आजोबांपासून लावतात ताई. पण विहीर खरंच जवळ आहे. दुसरं काय लावू?

भोसरी_लेथ
डांबाचा जमिनीत जाणारा भाग डांबराने रंगवा आणि बुडाशी काँक्रीट. लाकूड आधी पूर्ण वाळलेलं पाहिजे, नाहीतर ओल आत कोंडते.

ओंजळ
आणि सगळ्यांना कळकळीची विनंती, गटारात ओतू नका. आमच्याकडे एकाने रात्री पार्किंगच्या जाळीत ओतलं, सकाळी पावसाच्या पाण्यावर तवंग. ती जाळी जाते आंबिल ओढ्याला, ओढा मुठेला. नव्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचा ड्रम असतो तिथे द्या. तिथून ते रिसायकलवाल्याकडे जातं. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. तेलकट चिंध्या घरच्या कचऱ्यात नका टाकू, कचरा वेगळा करणारे हात कुणाचे तरी असतात.

सुनंदा_ध
फरशीवरचा डाग कशाने जातो? सेक्रेटरी रोज बघून जातात

घाटवाट
वखारीतून लाकडाचा भुसा आणा, रात्रभर पसरून ठेवा. सकाळी झाडून घ्या, मग कपड्याची पावडर टाकून ताठ ब्रशने घासा. पाणी शेवटी आणि थोडंच. आधी पाणी मारलं तर डाग पसरतो.

वारजेकर
भरलं. नट नवीन वॉशरसकट, झाकण लावलंय, खाली वाकून दोनदा बघितलं, कोरडं आहे. चावी फिरवू?

निवृत्त_फिटर
गिअर न्यूट्रलला घ्या, मग फिरवा. रेस द्यायची नाही. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद.

वारजेकर
विझला!! खाली कोरडं

निवृत्त_फिटर
एक-दोन मिनिटं चालू द्या. मग बंद करा, गाडी स्टँडवरून खाली सपाटीवर घ्या, पाच मिनिटांनी पट्टी पुसून परत घालून बघा. नवा फिल्टर थोडं तेल पितो, लेव्हल उतरेल.

मृण्मयी
काका, सासरे म्हणाले पेंट शॉप. आणि तुमचा नंबर मेसेजमध्ये द्या म्हणाले

वारजेकर
उतरली, मिनच्या जरा वर होती. अर्ध्या ग्लासाने घालत गेलो, आता मधोमध आहे. मॅक्सपर्यंत नेऊ का एवढं ठीक आहे?

घाटवाट
ठीक आहे. उद्या सकाळी थंड असताना एकदा बघा, मग काय ते घाला.