शेगडी आत घेऊ नका
(सोसायटी ग्रुप, नागाळा पार्क, कोल्हापूर, १७ फेब्रुवारी २०२१)

देसाई काकू: आज कुणी गुड मॉर्निंगची फुलं पाठवू नका प्लीज. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अमेरिकेत टेक्सासला, ऑस्टिनमध्ये पोरीकडं सोमवारपासून लाईट नाही, बाहेर उणे तेरा-चौदा, पदरात पाच महिन्यांचं बाळ, मोबाईल गाडीत चार्ज करते म्हणून दोन मिनिटंच बोलते

शिंदे ए-१०२: काकू अमेरिका आहे ती, तासाभरात येईल

देसाई काकू: त्यांना पण असंच सांगितलेलं ओ. आळीपाळीनं घालवणार म्हणाले, पण गेली ती गेलीच. शेगडी पण विजेवरची. जावई म्हणतायत अंगणातली कोळशाची शेगडी आत घेतो, नाहीतर गॅरेजमध्ये गाडी चालू करून आत बसतो

जोशी काका: काकू आत्ताच्या आत्ता कळवा. कोळसा घरात नको, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू नको. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, झोप लागते आणि माणूस उठत नाही. ह्यूस्टनला एक बाई आणि तिची लहान मुलगी अशाच गेल्या, बातमी आहे

जाधव बी-२०४: म्हणजे तिकडं पण भारनियमन 😀 इथं आमचा पंखा लागला

कुलकर्णी वहिनी: जाधव, वेळ बघून बोला जरा

जाधव बी-२०४: सॉरी काकू, मन मोकळं व्हावं म्हणून बोललो

शिंदे ए-१०२: पण एवढ्या मोठ्या देशात शेजारच्या राज्यातून वीज का घेत नाहीत?

जोशी काका: टेक्सासनं आपला ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, वेगळा ठेवलाय, बाहेरून वीज येते ती नावापुरती. आपल्याकडं २०१३ च्या शेवटी दक्षिणेचा ग्रीड जोडला तेव्हापासून सगळा देश एका तारेवर. तिकडं थंडीनं गॅसच्या विहिरी आणि पाईप गोठले, गॅस नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून गॅसचे पंप बंद. ४० लाखांवर घरं अंधारात. परत सांगतो, कोळसा आत नको

पाटील बी-३०१: काकू २०१९ चा महापूर आठवतोय का, पंचगंगा ५५ फूट ७ इंच, आपण पण वरच्या मजल्यावर मेणबत्त्या लावून बसलेलो

कुलकर्णी वहिनी: बसलो की, आणि टँकर आल्यावर कोणत्या विंगच्या बादल्या आधी भरल्या ते पण आठवतंय

पाटील बी-३०१: वहिनी, दीड वर्ष झालं आता. आमच्याकडं आई आजारी होत्या

कुलकर्णी वहिनी: आमच्याकडं पण लहान मूल होतं. असू दे

देसाई काकू: भांडू नका ओ. तिच्या माळ्यावरचा पाईप फुटलाय, छतातून पाणी गळतंय, टबात भरून ठेवलेलं पाणी पुरवून पुरवून वापरतात

जोशी काका: मेन कॉक बंद करायला सांगा. सगळ्यांनी एकाच खोलीत झोपा, दाराच्या फटीत टॉवेल, बाळ मध्ये. आणि कोळसा आत नको

जाधव बी-२०४: काका तिसऱ्यांदा झालं

जोशी काका: चाळीस वेळा लिहीन. तुम्ही स्वतः जूनमध्ये पार्किंगचं शटर ओढून जनरेटर लावलेला, आवाज येतो म्हणून. वर जिन्यात सगळा धूर. तेव्हा बोललो तर म्हातारा कटकट करतो म्हणालात

जाधव बी-२०४: बरं, ते चुकलंच माझं

सेक्रेटरी: जनरेटरचा विषय मीटिंगमध्ये घेऊया

जोशी काका: तीन मीटिंगा घेतल्या साहेब. जनरेटरच्या धुराचा पाईप भिंतीबाहेर काढायचाय, नदी वळवायची नाही

देसाई काकू: बोलणं झालं, शेगडी बाहेरच ठेवली. गाडी रस्त्यावर आणून चार्जिंग केलं. बाळ तिच्या छातीशी, टोपरं मी विणलेलं. श्वास मोजत बसते म्हणाली

कुलकर्णी वहिनी: काकू दुपारी जेवायला खाली या, एकट्या बसू नका. मोबाईल घेऊन या

पाटील बी-३०१: आणि संध्याकाळी आमच्याकडं

देसाई काकू: चाळीस मिनिटं लाईट आली!! दूध गरम केलं, परत गेली

सेक्रेटरी: फिटर शनिवारी १० वाजता येतोय, पाईप बाहेर काढायला. बी विंगनं मागच्या भिंतीजवळच्या गाड्या काढाव्यात

पाटील बी-३०१: दर वेळी बी विंगच का ओ?