लपवण्यासारखं काही नसेल तर माहिती द्यायला हरकत काय?

रातकिडा:
परवा फोनमध्ये कॅल्क्युलेटरचं एक अ‍ॅप टाकलं. उघडल्या उघडल्या त्यानं संपर्कयादी मागितली, मग लोकेशन. बेरीज-वजाबाकीला माझे नातेवाईक कशाला लागतात? 'नाही' म्हटलं तर पुढे सरकेचना, म्हणून काढून टाकलं. घरी सांगितलं तर वर मलाच विचारलं, "तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" तुमचं काय मत?

उंटावरचा शहाणा:
घरचे बरोबर बोलले. पुढे रस्ता तुंबलाय हे नकाशातल्या लाल रेघेवरून कळतं, कारण तिथे अडकलेल्यांचे फोन आपापली जागा कळवत असतात. सगळ्यांच्या माहितीचा फायदा घ्यायचा आणि आपली तेवढी झाकून ठेवायची, हा कुठला न्याय? शिवाय ती निनावी असते. माझ्या आयुष्यात कुणाला रस असणार? मलाच नाही.

चष्मेवाली:
'निनावी' या शब्दाची मला चीड आहे. २००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं साडेसहा लाख वापरकर्त्यांनी काय काय शोधलं त्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं काढून नुसते क्रमांक ठेवले होते. पण माणूस शोधतो काय? आपलं गाव, आपलं आडनाव, आपलं दुखणं. न्यूयॉर्क टाइम्सनं काही दिवसांतच एका क्रमांकामागची वयस्कर बाई हुडकून काढली. लोकेशनचं तर विचारूच नका. फोन रात्री पडून असतो ते घर, दिवसभर असतो ते काम. एवढं कळल्यावर नाव कळायला कितीसा वेळ लागतो?

उंटावरचा शहाणा:
उदाहरण फार जुनं झालं. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहिती जपणारा कायदा लागू आहे, कंपनीला तिच्या जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कुणी जबरदस्ती करत नाही. मी राजीखुशीनं देतो.

रिकामटेकडा:
त्या कायद्याचं मला मिळालेलं फळ म्हणजे साइटी उघडताच आडवी येणारी कुकीची पाटी. 'स्वीकारा' हे भलं मोठं बटण, 'नाकारा' मात्र दोन पडदे आत. चालू द्या.

चष्मेवाली:
शहाणे, राजीखुशीनं तुम्ही तुमचं द्या हो, माझं का देता? केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरचं प्रश्नावलीचं अ‍ॅप घेतलं होतं साधारण तीन लाख लोकांनी. माहिती गेली ती फेसबुकच्याच अंदाजानं ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण अ‍ॅपनं त्यांच्या मित्रांचीही उचलली. त्या मित्रांना कुणी विचारलं होतं? संपर्कयादीचंही तेच. 'हो' तुम्ही दाबता, नंबर माझा जातो. मी कितीही जपून राहिले तरी माझं नाव दोनशे जणांच्या फोनांत आहे.

उंटावरचा शहाणा:
हा मुद्दा बोचला. आत्ता यादी चाळून पाहिली. एका सद्गृहस्थांना मी 'उधारीबुडव्या' या नावानं ठेवलंय, तेही त्यांच्या जन्मतारखेसकट. तीन अ‍ॅपांची परवानगी काढली. नकाशाची मात्र ठेवतोय, त्यात माझ्याशिवाय कुणी जात नाही.

रातकिडा:
आणि शेजारच्या सीटवर कुणी बसलं असेल तर?