राखीव पॉइंट गार्डला मिनिटं कशाला?
'चार-पाच गुण करणाऱ्या राखीव पॉइंट गार्डला एवढी मिनिटं (म्हणजे खेळायचा वेळ) कशाला' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पॉइंट गार्ड म्हणजे बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा खेळाडू. एनबीए या अमेरिकी लीगमधल्या इंडियाना पेसर्सच्या राखीव गार्डचा, टी. जे. मॅककॉनेलचा, ३ मार्च २०२१चा क्लीव्हलँडविरुद्धचा सामना बघा. बाकावरून उतरून १० स्टील (समोरच्याकडून चेंडू हिसकावणं), त्यातले ९ पहिल्याच हाफमध्ये. एका हाफमधला तो एनबीए विक्रम! बास्केट झाल्यावर समोरचा निवांतपणे इनबाउंड पास (रेषेबाहेरून चेंडू आत देणं) टाकायला जातो आणि हा मधेच झडप घालतो.

आणि स्टील तरी मोजले जातात. असा गडी पूर्ण कोर्टभर चिकटून राहिला की चेंडू अर्ध्यापलीकडे न्यायलाच समोरच्याचे सहा-सात सेकंद जातात, नियमाने मुभा ८ची. शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतून मग सेट (ठरलेली चाल) लावायला उरतं काय? घाईघाईचा शॉट पडतो, तो चुकतो, आणि त्याचं श्रेय याच्या नावावर कुठेच लागत नाही. मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर एखादा चुरशीचा सामना नीट बघा, शेवटच्या क्वार्टरला मुख्य गार्डचे पाय ताजे असतात ते मधली धावपळ या राखीव पोराने अंगावर घेतली म्हणूनच.