अनुभव धागा : सोलापूर ते कोकण किनारा, सायकलवरून

मंडळी, गड्ड्याची यात्रा आटोपली की कोकणात सायकल घेऊन उतरायचा बेत आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात असतो. सूर्यास्ताचे फोटो पुष्कळ झाले. या धाग्यात पुढच्याच्या कामाला येईल तेवढंच लिहा : रस्ता, गिअर, ब्रेक, ट्यूब, पाणी, आकडे. वर नावाऐवजी सोलापुरातला आपला भाग लिहा.

सुरुवात मी करतो. सपाटीवर तयार झालेला सोलापूरकर घाटाची धास्ती घेतो आणि फसतो किनाऱ्यावर. जाताना कुंभार्ली घाट आपण उतरतो, चढत नाही. चढ पुढेच आहेत. प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीवर उतरायचं आणि पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे दगडी पठारावर, चढायचं. एकेक चढ शंभर-सव्वाशे मीटरचा, पण छोटे-मोठे धरून दिवसात पाच-सहा. देशावर रोज १०० किमी सहज होत असतील तर किनाऱ्यावर ५५-६० धरा. मुक्काम त्या हिशोबाने ठरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात.

विजापूर रोड

रस्ता सांगतो. सोलापूर–मंगळवेढा–सांगोला, सुमारे ८५ किमी. दुसऱ्या दिवशी आटपाडीवरून विटा. तिथून पुढे गुहागर–विजापूर महामार्ग धरला की कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण आणि गुहागर ओळीने येतात, रस्ता शोधावा लागत नाही. चौथा मुक्काम कोयनानगरला ठेवा, म्हणजे घाट सकाळी ताज्या हातांनी आणि पूर्ण उजेडात उतरता येतो.

गुहागरहून दक्षिणेकडेच वळा. हिवाळ्यात किनाऱ्यावर दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाताना तो पाठीशी राहतो. उलट दिशेने येणाऱ्याला तोच वारा रोज तीन-चार तास छातीवर घ्यावा लागतो.

जानेवारीत सांगोल्यापासून कराडपर्यंत गाळप हंगाम जोरात असतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरचा ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो आणि मागे बहुतेक वेळा दिवाही नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. पहाटे अंधारात निघू नका, फटफटल्यावर निघा. ट्रॅक्टरला ओलांडताना पूर्ण पलीकडच्या लेनमधून जायला मिळत असेल तरच जा, नाहीतर मागे थांबा. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांडीवर पुढचं चाक चढलं तर ते आडवं घसरतं. कांडी चुकवता आलीच नाही तर हँडल सरळ ठेवून काटकोनात पार करा, तिच्यावर असताना ब्रेक नको.

जुळे सोलापूर

गिअरचा हिशोब मांडते. पुढच्या चकतीला २८ दात, मागच्या चकतीला ३४ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात ७०० च्या चाकाची सायकल साधारण १.७७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ६.४ किमी. सामानासकट चढावर हाच वेग हवा. पुढे ४२ आणि मागे २८ असेल तर त्याच वेगाला मिनिटाला फक्त ३३ फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जवळपास दुप्पट जोर, आणि तो सगळा गुडघ्यावर. आपल्याकडे पुढची लहान चकती वर्षभर वापरातच येत नाही. तिची केबल गंजून अडकलेली असते आणि ते पहिल्या चढावर कळतं. निघण्याआधी केबल बदलून घ्या.

गिअर चढ लागायच्या आधी टाका. जोर लावलेला असताना टाकला तर चेन दातांवर नीट बसत नाही, उसळते, कधी तुटते.

सरावाला तुळजापूरचा घाट आहेच. मोकळ्या सायकलवर चढून काही कळत नाही. मागे १० किलो बांधा, वर जा, खाली या, असं तीन वेळा लागोपाठ करा. तिसऱ्या खेपेला जो गिअर लागतो, तो तुमचा कोकणातला गिअर.

अशोक चौक

पंक्चर. आपल्या भागात सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे, महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा. ट्यूब बदलायच्या आधी जुन्या ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजा आणि टायरमध्ये त्याच जागी शोधा. टायर आतून बोटाने चाचपू नका. कापसाचा बोळा फिरवा, काटा किंवा तार असेल तिथे कापूस अडकतो. तो न काढता नवी ट्यूब घातली तर ती दहा मिनिटांत पंक्चर होते.

पॅच लावताना घाई नको. कानशीने खरवडा, सोल्युशन पातळ लावा, चकाकी जाईपर्यंत तीन ते पाच मिनिटं थांबा, मगच पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच घाटात रिम तापली की सुटतो.

दोन नवीन ट्यूब, सहा पॅच, दोन टायर लिव्हर, पंप. प्रेस्टा व्हॉल्व्ह (बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला) असेल तर पितळी अडॅप्टर दोन घ्या, एक हरवतोच. त्याशिवाय गावातल्या दुकानातली किंवा पेट्रोल पंपावरची हवा भरता येत नाही. पेट्रोल पंपावर हवा थांबत थांबत भरा. आपली ट्यूब लहान, क्षणात भरते आणि फुटते. ३५ मिमी टायरला मागे ६५, पुढे ५५ पीएसआय पुरे. जांभ्याच्या खडीवर दोन्हीकडे पाच-पाच कमी करा.

नवी पेठ

एक प्रश्न. घाटात सतत हलका ब्रेक धरून उतरावं की सोडत सोडत?

होटगी रोड

सोडत सोडत. आणि हे नीट समजून घ्या, कारण या सगळ्या सहलीत जिवाशी गाठ असलेली जागा हीच आहे.

माणूस, सायकल, सामान मिळून १०० किलो धरा. कुंभार्लीत ते सुमारे ५०० मीटर खाली येतं. ब्रेकने थोपवलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन रिममध्ये किंवा डिस्कमध्ये शिरते. ब्रेक सतत घासत ठेवला तर रिमला निवायला वेळच मिळत नाही. ट्यूबमधली हवा तापते, दाब वाढतो, ट्यूब फुटते. म्हणून वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकदम जोरात दाबून वेग ताशी १५ किमीच्या खाली आणा, वळणात ब्रेक सोडा, सरळ तुकड्यावर वारा लागू द्या. शरीर मागे ठेवा, दोन्ही पायडल आडवे. वळण घेताना मात्र आतल्या बाजूचा पायडल वर हवा. दर दोन-तीन किलोमीटरला रुंद जागी थांबा. डिस्कला बोट लावून बघू नका, कातडी चिकटते. पाणी ओतू नका, चकती वाकते.

ही अवजड वाहतुकीची वाट आहे. ट्रकला हेअरपिन वळणावर पूर्ण रस्ता लागतो. खालून ट्रक वर येताना दिसला तर वळणाच्या आधीच थांबा, आत घुसू नका.

निघण्याआधी पॅड बघा. रबरी पॅडच्या खाचा दिसत नसतील तर बदला. डिस्कच्या पॅडवर १ मिमीपेक्षा कमी मसाला उरला असेल तरी बदला. नवीन पॅड घाटाच्या आदल्या दिवशी बसवू नका. वीस-तीस वेळा वेगातून दाबून बसल्याशिवाय ते पकडत नाहीत. एक जोडी जास्तीची हवीच, कारण किनाऱ्यावर वाळू पॅडमध्ये रुतते आणि रिम खरवडते. रोज संध्याकाळी टाचणीने कण काढा.

बाळे

फेरीबोट : तवसाळहून जयगड. शास्त्री नदीची खाडी पाच-दहा मिनिटांत पार होते, रस्त्याने वळसा घातला तर अर्धा दिवस जातो. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या मुक्कामी विचारून घ्या. धक्क्याच्या उतरणीवर शेवाळ असतं, सायकल ढकलतच न्या.

मजरेवाडी

खारी हवा आणि चेन. सोलापुरात महिन्यातून एकदा तेल दिलं तरी चालतं. किनाऱ्यावर एका रात्रीत चेनवर तांबूस गंज धरतो. रोज मुक्कामी फडक्याने चेन कोरडी पुसायची, प्रत्येक कडीच्या रोलरवर आतल्या बाजूने एकच थेंब, पायडल उलटे वीस फेरे, दहा मिनिटं थांबून बाहेरचं तेल पूर्ण पुसून काढायचं. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं आणि मग चेनच कानशीसारखी दात खाते.

पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) सायकल चालवायचा मोह आवरा. चालवलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याची बादली मगाने ओता. पाइपचा जोराचा फवारा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं.

चेन जुनी असेल तर मोजून निघा. एका पिनेच्या मध्यापासून १२ पूर्ण कड्या म्हणजे ३०४.८ मिमी. दीड मिमीने वाढली असेल तर बदलायची वेळ आली.

कॅरिअरचे बोल्ट रोज सकाळी आवळा, नायलॉक नट (सहज सैल न होणारे) वापरा. आणि मागच्या चाकाचे दोन-तीन स्पोक बरोबर मापाचे घ्या. तुटतात ते बहुधा कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचेच, कारण त्या बाजूला ताण जास्त आणि सामानही मागेच.

सात रस्ता

खाण्यापिण्याचं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी देशावर अगदी उत्तम : हलकं, टिकाऊ, मीठही मिळतं. पण चिपळूणच्या खाली हवेतला ओलावा शोषून कडक भाकरी चिवट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा किंवा कराडपर्यंत संपवा.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळतो, अंग गार राहतं. किनाऱ्यावर तो नुसता गळतो, अंग निवत नाही, म्हणून दमायला जास्त होतं. तासाला पाऊण लिटर पाणी धरा. नुसतं पाणी पीत राहिलं तर डोकं दुखतं, मळमळतं. एक लिटरला सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. वाटेत कोकम सरबत मिळेल तिथे मीठ घालून घ्या.

धुतलेली पॅडची (बसायला गादी असलेली) चड्डी तिथे रात्रीत वाळत नाही. पातळ पंच्यात गुंडाळून पिळा. ओली घालून बसलं की मांड्या सोलतात, मग सहल तिथेच थांबते. दोन चड्ड्या हव्यातच.

अक्कलकोट रोड

परतीचं. रेल्वेत सायकल पार्सलमध्ये टाकणार असाल तर गाडी जिथून सुटते आणि जिथे संपते, अशी दोन्ही टोकं निवडा. दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनवर ती उतरवली न जाता पुढे जाऊ शकते. बसच्या डिकीतून आणणार असाल तर पुढचं चाक काढा, हँडल आडवं फिरवा, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत फडक्यात बांधा, नाहीतर हँगर (तो जिथे बसतो ती पट्टी) वाकतो. फोर्कच्या दोन पायांत लाकडाचा तुकडा अडकवा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये दुमडलेला पुठ्ठा घाला, म्हणजे लिव्हर चुकून दाबला गेला तरी पॅड चिकटणार नाहीत.

पायडल काढायला १५ चा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं.