छत बदलताना कामाआधी काय ठरवायचं? (अनुभव धागा)

जुनं उतरतं छत काढून नवं घालायचं ठरलं की सगळी चर्चा कौल की पत्रा आणि रंग कोणता, इथेच अडकते. छत गळतं ते मात्र सांध्यांत आणि कडांना, आणि खचतं ते खालच्या लाकडामुळे. ज्यांना या कामाची नीट माहिती आहे त्यांनी मापं, क्रम, कुठे चुकतं आणि का चुकतं हे लिहावं. सपाट स्लॅब इथे नको, तो विषय वेगळा आहे.

ओळंबा

मापापासून सुरू करू. घराचं जमिनीवरचं माप धरून माल मागवला की तो कमी पडतोच. उतार २० अंश असेल तर त्या मापाला १.०६ ने गुणा, ३० अंशांना १.१५ ने, ४५ ला १.४१ ने. माप भिंतीपासून नाही, वळचणीच्या (भिंतीबाहेर आलेल्या छताच्या खालच्या कडेच्या) टोकापासून धरायचं.

उतार किती हे काढायला एक मीटरची पट्टी पाणसळ लावून आडवी धरा, एक टोक वाशाला टेकवा आणि दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतचं उभं अंतर मोजा. ३६ सेंमी आलं तर २० अंश, ५८ आलं तर ३०.

प्रत्येक पाख्याचे, म्हणजे छताच्या एकेका उतरत्या बाजूचे, दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर पाखं काटकोनात नाही. कडेच्या भिंतीला धरून पत्रे लावत गेलात तर वळचणीला पायऱ्या दिसतील. पहिला पत्रा वळचणीला ताणलेल्या दोरीला काटकोनात बसवा आणि उरलेला फरक कडेच्या पट्टीखाली जाऊ द्या.

रंधा

लाकूड तपासल्याशिवाय अंदाजपत्रक मान्य करू नका. वासा मधे ठणठणीत दिसतो आणि टोकाला गेलेला असतो. भिंतीत रुतलेलं टोक, वळचणीचं टोक आणि जुन्या गळतीच्या डागाखालची जागा, या तीन ठिकाणी जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. चांगलं लाकूड टोक अडवतं. सेंटिमीटरभर सहज आत गेलं तर तेवढा भाग कापायचा. वाळवी असेल तर हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, वरची साल शाबूत असली तरीही.

कुजलेल्या टोकाला नुसता तुकडा जोडू नका. त्याच जाडीचा नवा वासा शेजारी लावून चांगल्या लाकडावर निदान दीडेक मीटर सोबत न्या आणि आरपार बोल्टने आवळा. खिळे तिथे पुरत नाहीत.

कौलं काढून पत्रा घालणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं : मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला ४० ते ५० किलो, अर्ध्या मिमीच्या पत्र्याचं पाचेक. जुनं छत स्वतःच्या वजनाने बसून राहायचं. नवं हलकं छत वारा वर उचलतो, त्यामुळे कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि वासे भिंतीला पट्टीने किंवा बोल्टने बांधलेच पाहिजेत. उलट, पत्र्याच्या सांगाड्यावर कौलं चढवायची असतील तर अभियंत्याकडून हिशेब करून घ्या, अंदाजाने नको.

गुण्या

कौलंच घालणार असाल तर रीपांचं (कौलं ज्यांना अडकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका, आणलेल्या कौलांवरून काढा. भट्टीत कौल आकसतं, म्हणून प्रत्येक खेपेचं माप थोडं वेगळं असतं. १२ कौलं जमिनीवर पालथी, एकमेकांत अडकवून ओळीत मांडा. आधी सगळी ताणून पहिल्या कौलाच्या नाकापासून (रीपेला अडकणाऱ्या उंचवट्यापासून) शेवटच्याच्या नाकापर्यंत मोजा, मग दाबून जवळ आणून परत मोजा. दोन्हींची सरासरी काढून ११ ने भागा. आलं तेच अंतर. जास्त ठेवलंत तर कौल नुसतं टेकतं, खाचेत बसत नाही आणि तिरका पाऊस आत येतो.

वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच हवी. तिथे खाली आधार देणारं कौल नसतं, त्यामुळे ती बाकीच्यांएवढीच ठेवली तर पहिली ओळ पुढे झुकते.

वळचण

पत्र्याबद्दल. जाडी विचाराल तेव्हा ती रंग आणि मुलामा धरून आहे की नुसत्या पोलादाची, हे विचारा. दोन दुकानांच्या दरांत बरेचदा फरक यातच असतो.

पावसाचा वारा येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून पत्रे लावत या, म्हणजे सांध्याचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. उभ्या दिशेने जोड टाळता आला तर उत्तम, एकसंध लांबीचा पत्रा घ्या. टाळता येत नसेल तर वरचा पत्रा खालच्यावर १५० मिमी चढवा, उतार कमी असेल तर २०० च्या पुढे.

पाऊस आत येण्याचं सगळ्यात साधं कारण स्क्रू. बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं नसेल तर तो उंचवट्यावर घ्यायचा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नाही. आवळताना रबरी वॉशरकडे बघा : धातूच्या चकतीच्या कडेला रबर जेमतेम डोकावलं की थांबायचं. रबर फुगून बाहेर आलं तर ते काही उन्हाळ्यांत चिरतं, चकती हाताने फिरत असेल तर आजच गळतं. पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या आधाराच्या) रेषेत दोरी ताणून खुणा केल्या की स्क्रू हुकत नाही. हुकलाच, तर भोक तसंच ठेवून बाजूला दुसरा मारू नका, जाड स्क्रूने ते बंद करा. वळचण, आढं (दोन पाखी वर मिळतात ती ओळ) आणि दोन्ही कडांना वाऱ्याची ओढ जास्त असते, तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा.

पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्यांनी मुलामा जळतो आणि कड गंजते. कातरी किंवा निबलर (ठिणगी न पाडता पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा. भोकं पाडल्यावर उरलेला लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढा, एका पावसात त्याचे तांबडे डाग पडतात.

ओळंबा

जुने राखाडी सिमेंटचे पत्रे असतील तर तपासणी होईपर्यंत त्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासातून आत गेल्यास फुफ्फुसांना घातक असे तंतू) आहे असंच धरा. फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, घासायचे नाहीत. आधी पाणी शिंपडून ओले ठेवा, हुक कापून पत्रा अख्खा उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. कापडी रुमाल उपयोगाचा नाही, एफएफपी३ दर्जाचा घट्ट मास्क लागतो. विल्हेवाट स्थानिक नियमांप्रमाणेच लावा. या पत्र्यांवर पाय देऊन चालू नका, पर्लिनवर आडवी फळी टाका. माणसं या पत्र्यातून खाली पडतात.

पागोळी

छत भिंतीला भिडतं त्या जागेवर नुसतं सिलंट भरलेलं दिसलं तर काम परत करायला लावा. फ्लॅशिंगची, म्हणजे तो सांधा झाकणारी धातूची, पट्टी भिंतीवर १५० मिमी वर चढली पाहिजे आणि तिची वरची कड भिंतीत २५ मिमी खाच पाडून आत वळवलेली हवी. सिलंट ही शेवटची भर, आधार नाही. ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर शिसं, तांबं किंवा ओला सिमेंटचा माल टेकू देऊ नका, मुलामा खाल्ला जातो.

पन्हळीचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. ५० चौरस मीटरच्या पाख्यावर तासाला १०० मिमी पडला तर ५००० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास दीड लिटर. उतरणीचा पाइप त्यावरून ठरवा. पन्हळीला मीटरमागे पाच मिमी उतार पुरतो.

रंधा

करारात चार गोष्टी लेखी हव्यात : क्षेत्रफळ पाख्याचं की जमिनीवरचं, कुजलं लाकूड बदलायचा दर मीटरमागे किती, जुना माल कोणाचा, आणि दिवसाला किती पाखं उघडणार. संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच उघडायचं. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे गेलेली हवी.

शेवटचा हप्ता पाणी मारून बघितल्यावर द्या. नळी वळचणीपासून सुरू करून हळूहळू वर न्या, प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि गळती नेमकी कुठल्या सांध्यात आहे ते सापडत नाही.